नवसाचा बाप्तिस्मा

उसाच्या गावात राहणारी इस्तीर लोकांचे कपडे शिवायची, आणि संत मार बिहूरच्या अस्थींवर चढवायची मखमलही तीच शिवायची. रोमी बादशहापुढे धर्म सोडला नाही म्हणून ज्याची मान उडवली, तो हा मार बिहूर. नाईलपलीकडच्या मठात लाकडी नळकांड्यात त्याच्या अस्थी आहेत. जत्रेला पाद्री नळकांड्याला सुगंधी तेल चोळतात, वर नवी मखमल घालतात. लग्नाला कितीतरी वर्षं होऊनही इस्तीरची कूस उजवत नव्हती, तेव्हा शिवता शिवता ती त्याच्याशी भांडायची. "सगळ्या गावाला पोरं वाटतोस, आणि तुझी मखमल शिवणारी तेवढी तुला दिसत नाही होय रे?"

शेवटी मुलगा झाला. बाईला आभाळ ठेंगणं झालं. पण ती नवस बोलून बसली होती: पोराचा बाप्तिस्मा जत्रेच्या दिवशी, मठातच, अस्थींसमोर. मुलाच्या बाप्तिस्म्याचा चाळिसावा दिवस उलटला, गावातल्या बाकीच्या पोरांचे बाप्तिस्मे झाले, जत्रा मात्र अजून लांब होती.

"अगं, तान्हं पोर आहे, बाप्तिस्म्याविना काही झालं तर स्वर्गाचं दार बंद," सासू म्हणाली. "आपले पाद्री अबूना शारूबीम हाकेवर राहतात, उरकून टाक. संत काय तुला कोर्टात खेचणार आहे?"

"सासूबाई, त्यानं दिलं आणि मी शब्द फिरवू?"

"म्हशीला तरी वळवता येतं बाई, तुला नाही," म्हणत म्हातारी उठून गेली.

जत्रा तोंडावर आली आणि बाळाला ताप भरला. डॉक्टरच्या सुईनं उतरला, पुन्हा चढला. आत्ताच बाप्तिस्मा उरक म्हणून सासूनं पदर पसरला, नवरा अयाद भांडला. हिचं एकच पालुपद, "त्यानंच दिलाय, तो कसा जाऊ देईल?" राग येतो हो अशा बाईचा. पण इतकी वर्षं वाट पाहिलेल्या कुणीही हेच केलं असतं. दुपारी बाळानं दूध सोडलं, ओठ काळेनिळे पडले, तेव्हा कुठे तिचा धीर सुटला. "अबूनांना बोलवा," ती म्हणाली. अयाद अनवाणी धावला.

अबूना आले तेव्हा बाळ तिच्या मांडीवरच गेलं होतं. शेजारी परातीत तिनं कोमट पाणी काढून ठेवलं होतं.

"बुडवा ना, अबूना. अंग गरम आहे अजून."

अबूनांनी बाळाच्या छातीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला. "पोरी, गेलेल्याला बाप्तिस्मा देता येत नाही."

"चूक माझी आहे. त्याला कशाला शिक्षा?"

"तसा मंत्रच नाही गं आपल्यात."

"म्हणजे तो संताचाही झाला नाही आणि देवळाचाही नाही. मग माझं लेकरू आता कुणाचं, अबूना?"

म्हातारे अबूना तिथेच जमिनीवर बसले आणि ढसाढसा रडले. पण त्यांनी पाण्यात हात घातला नाही.