लाइन बंद असताना आलेला फोन

मी नेटवर्किंगवाला माणूस. लाइन चालत नसेल तर आधी केबल बघायची, मग सेटिंग बघायचं, एवढंच मला कळतं. भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की मी मोबाईल काढून बसायचो. पण मागच्या उन्हाळ्यापासून डोकं शांत नाही, म्हणून लिहितोय.

एका ट्रान्सपोर्टवाल्याचं ऑफिस लकडगंजमध्ये आहे आणि गोदाम शहराबाहेर मौद्याला. दोन्ही जागांमध्ये जुनी लीज्ड लाइन, म्हणजे भाड्याने घेतलेली, फक्त या दोन जागा जोडणारी लाइन – हो, आजही आहेत अशा – आणि तिच्यावरच एक थेट फोन. इकडे रिसीव्हर उचलला की तिकडे घंटी वाजते, नंबर लावायची गरज नाही. मला मौद्याचा राउटर बदलायचा होता. रविवार, भर दुपार. लकडगंजच्या ऑफिसात फक्त मेश्राम मॅडम होत्या, तिथल्या जुन्या क्लार्क. तिकडचा राउटर बंद-चालू करायला कोणीतरी हवं म्हणून आल्या होत्या.

मी जुन्या राउटरमधून त्या लाइनची सिरीयल केबल काढली. फोनची वायर नव्या राउटरला लावली, लॅपटॉप जोडला आणि सिरीयल इंटरफेसवर आयपी टाकला. इंटरफेस, म्हणजे राउटरचं लाइनकडचं तोंड, अजून शटडाऊनच होतं, बंद. केबलची एक पिन वाकल्यासारखी वाटली, ती बघत होतो... आणि टेबलावरचा तो थेट फोन वाजला.

"झाली ना चालू तुमची लाइन," गोदामाचे मॅनेजर भोयरजी म्हणाले.

"कशी होईल? केबल तर माझ्या हातात आहे."

फोन वाजतच होता. भोयरजींनी उचलला, ऐकलं आणि माझ्या कानाला लावला.

मेश्राम मॅडमचा आवाज. खरखर नाही, काही नाही. "मले बरं वाटून नाही राहिलं... मी खाली पडून आहो. कोणाले तरी पाठवा..." मग एकदम शांत.

मी स्क्रीनकडे पाहिलं. इंटरफेस बंदच. भोयरजींनी मॅडमचा मोबाईल लावला, वाजून वाजून थांबला. मग त्यांनी ऑफिसशेजारच्या लाकूड कापायच्या आरामशीनच्या चौकीदाराला फोन केला. "लवकर जाऊन पाय गा, मॅडम पडल्या म्हणते." तो शटर उचलून आत गेला. मॅडम फरशीवर, घामाने ओल्याचिंब, तोंडातून शब्द निघत नव्हता. शुगर एकदम उतरली होती. दवाखान्यात वेळेवर पोचल्या म्हणून वाचल्या.

त्या दिवशी मला पुढे कामच करवेना. नंतर मात्र सगळं तपासलं. फोनला दुसरी कुठली लाइन जोडलेली नाही. दोन्ही राउटरचे लॉग वाचले, कॉलची नोंद नाही. बरं, घंटी एखाद वेळी बिघाडाने वाजेल... पण आवाज? आणि तो भोयरजींनीही ऐकला होता.

मॅडम घरी आल्यावर आम्ही दोघं भेटायला गेलो. मी म्हणालो, "बरं झालं, तुम्ही फोन केला."

"कोणता फोन? फोन तं वर टेबलावर होता, माझा हात पोचलाच नाही. जीभ बी उचलून नव्हती राहिली. मनातल्या मनात म्हणून राहिली होती फक्त."

"काय म्हणत होत्या?"

"हेच, का मले बरं वाटून नाही राहिलं, खाली पडून आहो, कोणाले तरी पाठवा."

त्यांच्या मुलीने आणलेला चहा माझ्या हातात तसाच राहिला.

भोयरजी हळूच म्हणाले, "देवाचीच कृपा."

"देव-बिव मले नका सांगू, भाऊ," मॅडम म्हणाल्या, आणि माझ्याकडे वळल्या. "तुम्ही शिकलेले आहा ना यातलं. तुम्हीच सांगा, कसं आयकू गेलं तुमाले?"

अजूनही त्यांचा मधूनमधून फोन येतो, आता मोबाईलवर. इकडचं तिकडचं बोलतात आणि ठेवताना विचारतात, "लागला का काही पत्ता?"

नाही, मॅडम. नाही लागला.