निऱ्या आईच्या, घाई माझी

"दादा, हात खिशात घाला बरं!"

परभणीच्या त्या दवाखान्यात शिरलं की तिथं आईवर उपचार करणाऱ्या बाईंचं हे वाक्य आधी कानावर पडायचं. ते पेशंटला नसायचं, सोबत आलेल्या माणसाला असायचं, मध्ये मदतीला धावू नका म्हणून. स्वतः बाई मात्र एका जागी टिकत नसत. बोलता बोलता खुर्ची सरकव, खिडकी उघड, पुन्हा लाव. माझा स्वभावही तसलाच, त्यामुळे आमचं पहिल्या दिवसापासून वाजलं.

आईची उजवी बाजू लुळी पडली होती. दारावरची 'व्यवसायोपचार' ही पाटी वाचून मी म्हणालो, "सत्तरीच्या बाईला आता कसला व्यवसाय शिकवता?"

"सकाळी उठल्यापासून त्या जे जे करायच्या, ते सगळं," बाई म्हणाल्या आणि आईकडे वळल्या. "आजी, तुम्हाला काय करायचंय?"

तोवर प्रत्येक डॉक्टरनं जे विचारलं ते मलाच. आईला रडू आलं. "ह्यो गाऊन नगं. लुगडं नेसायचंय. माझं मला."

गाऊन आम्हीच सोयीसाठी घातला होता. त्यापायी ती दोन महिने ओसरीवर आली नव्हती, हे घरात कुणाच्या ध्यानातही नव्हतं. तुमच्या-आमच्या घरांत आजाऱ्याला काडी उचलू न देणं हीच सेवा.

मग सुरू झालं. पलंगावर बसून लुगड्याचं टोक मांडीखाली दाबायचं, डाव्या हातानं एकेक निरी घालायची आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्यात धरायची. निरी सुटायची. मी अंगणात येरझाऱ्या घालायचो.

पिंगळीला भाचीचं लग्न होतं. आईच्या चार निऱ्या झाल्या होत्या आणि दारात जीप हॉर्नवर हॉर्न वाजवत होती. "अगं, नेसव तिला पटकन!" मी बायकोवर ओरडलो. दोन मिनिटांत झालं. लग्नात आई कुणाशी बोलली नाही. नंतर आठ दिवस तिनं लुगड्याला हात लावला नाही.

हे ऐकून बाईंनी सरकवायला धरलेली खुर्ची सोडून दिली. मग म्हणाल्या, "जीप थांबली असती की हो, दादा."

मला त्याची अजून लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी बाई स्वतःचा उजवा हात ओढणीनं पाठीशी बांधून आईसमोर लुगडं नेसायला बसल्या. दहा वेळा निऱ्या सुटल्या. आई हसायला लागली. "तुला बी येईना की गं!" आणि तिनं चिमटा मागितला.

परवा पाऊण तास लावून आई पुरतं लुगडं नेसली. एक काठ घोट्याच्या वर, पण नेसली. "चल, तिला दाखवायचंय."

ऑटोनं गेलो. बाईंच्या खोलीला कुलूप. शिपाई म्हणाला, बाईंचं कंत्राट संपलं, गेल्या. त्यांच्या जागी कुणी आलेलं नाही. मला भयंकर राग आला, कुणाचा ते कळेना.

आई भिंतीला धरून उभी राहिली. "फोटो काढ माझा. धाड तिला."

मी मोबाईल काढला.

"थांब, इकडून काढ," ती म्हणाली. "मागचं कुलूप दिसू देऊ नगं. वाईट वाटंल तिला."