बंद केली की बंद केली होती

हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी धुणारी ती मोठी लाँड्री. खाली वाफ, ओले गठ्ठे आणि यंत्रांचा गोंगाट; लोखंडी जिना चढून वर काचेचं ऑफिस. त्या ऑफिसात फोनवर इंग्रजी बोलणारी एकच बाई होती, म्हणून सगळे तिला इंग्लिशबाई म्हणत. तिला ते आवडायचं. लग्नानंतर, घरातलं सगळं आटपून, क्लासला जाऊन तिने ती भाषा मिळवली होती. सासूबाई शेजारणींना सांगायच्या, "आमची सून फडाफडा बोलते." काय बोलते ते त्यांना कळत नसे, पण फडाफडा आहे एवढं कळायचं.

सुरुवातीला तिच्या इंग्रजीला एक खोड होती. मराठीत आपण सहज म्हणतो, काल बाजारात गेले होते, भाजी आणली होती. ती इंग्रजीतही तसंच बोलायची. प्रत्येक वाक्यात 'हॅड'. आधीचे मॅनेजर एकदा सगळ्यांदेखत म्हणाले, "बाई, मीठ भुरभुरावं तसा हॅड भुरभुरता तुम्ही!" सुपरवायझरने तो विनोद लगोलग खाली नेला आणि इस्त्रीवाल्या मुली आठवडाभर तिला बघून खिदळल्या. तिने कानाला खडा लावला. तेव्हापासून हॅड दिसला की ती लांबून वळसा घालायची. छोटं वाक्य, साधा भूतकाळ. कुणी हसायला नको.

मग नवे साहेब आले. त्यांना मराठीचा गंध नव्हता. खालच्यांचं म्हणणं वर आणि वरच्यांचं खाली पोचवायचं काम तिच्याकडे आलं आणि तिचा भाव वधारला.

त्याच सुमाराला मोठ्या इस्त्रीयंत्राच्या रोलरखाली चादरी अडकून करपल्या. यंत्रावर मामा होते. नात्याने कुणाचेच नाहीत, वयाने सगळ्यांचे. सुपरवायझरचं म्हणणं पडलं की मामांनी वाफ वेळेवर बंद केली नाही. साहेबांनी दोघांना वर बोलावलं.

"मामा, काय झालं ते सांगा," ती म्हणाली.

"चादर अडकली तसा मी वाफेचा कॉक फिरवला, ताई. सुपरवायझर आले तेव्हा मी वाफ बंद केली होती. तरी रोलर तापतच राहिला. कॉकच गळत असणार."

तिने मामांच्या वतीने साहेबांना सांगितलं, "व्हेन द सुपरवायझर केम, आय क्लोज्ड द स्टीम." कॉक गळत असेल, तेही सांगितलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "म्हणजे तोपर्यंत वाफ चालूच होती? सुपरवायझर आले आणि मग याने बंद केली?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

आणि तिला कळलं. क्लासच्या मास्तरांनी कितीदा घोकून घेतलं होतं: दोन्ही गोष्टी होऊन गेलेल्या असतील तर जी आधी झाली तिला हॅड लावा. 'हॅड क्लोज्ड' म्हणायला हवं होतं. मामांनी तर स्वच्छ सांगितलं होतं, केली होती. 'सॉरी सर, माझं चुकलं' एवढंच म्हणायचं होतं. पण सुपरवायझर दाराला टेकून उभा होता, ओठांच्या कोपऱ्यात तेच जुनं हसू घेऊन.

"येस सर," ती म्हणाली.

शेजारी मामा तिच्याकडे विश्वासाने बघत मान हलवत होते. हो, हो, तसंच.

मामांना यंत्रावरून काढून ओल्या गठ्ठ्यांच्या ढकलगाड्यांवर टाकलं. दोन दिवसांनी ते तिला जिन्यात भेटले. तिला वाटलं, आता जमीन दुभंगली तर बरं.

"वाईट वाटून घेऊ नका, ताई," मामाच म्हणाले. "मी ऐकत होतो ना. सुपरवायझर आलं, स्टीम आलं, सगळं आलं तुमच्या बोलण्यात. साहेबांनाच पटलं नाही, त्याला तुम्ही काय करणार?"

"हो ना," ती पुटपुटली.

त्या 'हो ना'ची तिला त्या 'येस सर'पेक्षाही जास्त लाज वाटली. ती मागच्या जिन्याने ये-जा करू लागली. डबा खाली मुलींबरोबर खायची, तो वर एकटीने खाऊ लागली. घरी दीर आले तेव्हा नवरा कौतुकाने म्हणाला, "साहेबांचं हिच्यावाचून पान हलत नाही." घास तिच्या तोंडात नुसता फिरत राहिला.

एका दुपारी मामा कंबर धरून वर आले. "ताई, साहेबांकडे पुन्हा एकदा शब्द टाकाल? गाड्या ढकलवत नाहीत. तुमच्यासारखं कोण सांगणार?"

"बघते," ती म्हणाली. मामा जिना उतरायच्या आत ती उठली आणि साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

तिने सगळं सांगितलं. ऐनवेळी तिची फडाफडा इंग्रजी अडखळली, पण हॅड मात्र तिने स्पष्ट म्हटला. साहेबांनी कॉक उघडून बघायला लावला. आतली चकती झिजून गेली होती. त्यांनी मामांना बोलावलं आणि तिला म्हणाले, "मला सांगितलंस तसंच त्यांनाही सांग."

तिने सांगितलं. मामांना आधी काही उमगेना.

"एका शब्दाने एवढं?"

"हो."

"पण ते तुमच्या नंतर ध्यानात आलं असेल ना, ताई?" मामांनीच वाट काढून दिली.

हो म्हणून मोकळं होता आलं असतं. "नाही मामा. साहेबांनी उलटून विचारलं तेव्हाच कळलं होतं. तरी मी हो म्हटलं. हसतील म्हणून."

"आणि मी शेजारी उभा राहून मान हलवत होतो," मामा म्हणाले, आणि खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवसापासून ते पुन्हा यंत्रावर लागले. गोष्ट लाँड्रीभर झाली. सुपरवायझरला नवा विनोद मिळाला आणि तिने तो निमूट ऐकून घेतला. पुढे साहेबांनी मामांना कशासाठी तरी बोलावलं, तेव्हा मामा मोडकंतोडकं इंग्रजी येणाऱ्या इस्त्रीवाल्या मुलीला घेऊन आले. मुलगी साहेबांच्या एका वाक्याशी अडली. इंग्लिशबाई समोरच बसली होती, पण आपणहून तोंड घालायची तिची छाती झाली नाही.

शेवटी मामा मुलीला म्हणाले, "मॅडमना विचार."

आजवर त्यांनी तिला कधी मॅडम म्हटलं नव्हतं. तिने साहेबांना वाक्य पुन्हा म्हणायला लावलं, नीट ऐकलं आणि खाली मान घालून मराठीत सांगितलं.