गजावरची खूण

सांडोरच्या बागायतीत त्या काळी पाच ठासणीच्या बंदुका होत्या, पिकाच्या राखणीच्या परवान्यावर घेतलेल्या. केळीच्या घडांवर वटवाघळं उतरत, खाडीकडून कोल्हे येत. एक बार हवेत काढला की आठवडाभर बाग निवांत. पण आमचा वारा समुद्रावरचा, तो लोखंडाला सुखाने नांदू देत नाही. चार बंदुकांच्या नळ्या आतून गंजाने चरलेल्या होत्या. पाचवी गॅब्रिएलची. तिच्या नळीत कापड फिरवलं तर पांढरं जायचं आणि पांढरंच बाहेर यायचं.

लोक त्याचं श्रेय गॅब्रिएलला देत. बार तो काढायचा हे खरं, पण बंदूक धुवायची त्याची बायको, पॉलिन. लग्न होऊन आली त्या वर्षापासून.

तिची रीत तिने स्वतःच बसवली होती. दारूची काजळी ओल धरते, दिवस उलटला की तांबेरा चढतो. म्हणून बार निघाला त्याच दिवशी ती नळी उकळत्या पाण्याने धुवायची. इतर लोकही धूत, पण विहिरीच्या पाण्याने. आमच्या विहिरी मचूळ. ज्या पाण्यात डाळ शिजत नाही ते पाणी लोखंडाला काय सोडणार, असं पॉलिनचं म्हणणं. आषाढात कौलांवरची धूळ धुऊन गेली की ती पागोळीखाली घागर लावायची आणि तोंडाला फडकं बांधून ते पाणी वर्षभर बंदुकीसाठी राखायची. धुतलेली नळी कोरडी ठणठणीत झाली की शिवणयंत्राच्या तेलाचा हात फिरवायचा, तोही पुसट. खोबरेल कधीच नाही. आमच्याकडे खोबरेल केसांना, दिव्याला, बिजागऱ्यांना चालतं, म्हणून लोक बंदुकीलाही चोपडत. ते थंडीत गोठतं आणि उन्हाळ्यात चिकटतं, हे त्यांच्या ध्यानातच येत नसे.

एकोणऐंशीच्या ऑक्टोबरात गॅब्रिएल गेला. बागेतून आला, ओट्यावर टेकला, तो उठलाच नाही. परवानेवालाच गेला म्हणून बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची होती. घरात रडारड चाललेली. धाकटा दीर ॲन्सेल्म ती उचलून वसईला देऊन आला.

पुढे परवाना वारसाच्या नावे करायची वेळ आली तेव्हा ॲन्सेल्मनेही अर्ज केला आणि पॉलिननेही. बाईमाणसाच्या हातात बंदूक शोभत नाही, असं ॲन्सेल्म गावभर सांगत फिरला. पॉलिनने अर्ज मागे घेतला नाही. त्या हंगामात वटवाघळांनी तिचे निम्मे घड फोडले होते. पोरी सासरी, बाग एकटीची. आणि बावीस वर्षं जी वस्तू तिने जपली, ती खोबरेलात बुडून मरणार हे तिला दिसत होतं.

मे महिन्यात फौजदारांनी दोघांना बोलावलं. बंदूक ज्याला सांभाळता येईल त्याच्या नावाची शिफारस करतो, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. पॉलिन लाल लुगडं नेसून, हातात किटली आणि काखेत कापडांचं बोचकं घेऊन आली. किटलीत पावसाचं पाणी होतं.

"वहिनी, साहेबांना चहा पाजायला आलीस काय?" ॲन्सेल्म हसला. हवालदारही हसले.

बंदूक बाहेर आली. नळीवर तांबडी साय धरली होती. ॲन्सेल्मने खिशातून बाटली काढली, दस्ता जमिनीवर टेकवला आणि नळीच्या तोंडाशी वाकून खोबरेल चोळायला लागला. नळी चमकायला लागली. फौजदार मान डोलवत होते.

"ॲन्सेल्म, तोंड बाजूला घे," पॉलिन म्हणाली.

तिच्या आवाजात असं काही होतं की तो खरंच मागे सरला. पॉलिनने बंदूक तिरकी धरली, नळीखालचा ठासायचा गज ओढून काढला आणि आत सोडला. गजावर तिने चाकूने खूण पाडलेली होती. रिकाम्या नळीत गज त्या खुणेपर्यंत बुडायचा. आज खूण चार बोटं वर राहिली.

"साहेब, यात बार आहे."

गेला त्या संध्याकाळी गॅब्रिएलने कोल्ह्यांसाठी बंदूक ठासून ठेवली होती. सात महिने ती भरलेलीच ठाण्याच्या खोलीत उभी होती. नेताना ॲन्सेल्मने पाहिलं नव्हतं, घेताना हवालदाराने पाहिलं नव्हतं.

पॉलिनने समोरच्या चहावाल्याकडून किटली उकळून आणली. नळीचं तोंड भिंतीकडे ठेवून पाणी ओतलं, दारू भिजू दिली. मग बोचक्यातला मळसूत्री आकडा गजाच्या टोकाला बसवला आणि पिळत पिळत आधी काथ्याचा बोळा, मग छर्रे, शेवटी काळा चिखल बाहेर काढला. काढता काढता बोळा तिने क्षणभर मुठीत धरला. तो गॅब्रिएलच्या हातचा होता.

पुन्हा पाणी, पुन्हा कापड. सातवं कापड पांढरं आलं. ते तिने फौजदारांच्या टेबलावर ठेवलं.

फौजदारांनी कागद पुढे ओढला. "बाई, पूर्ण नाव सांगा."

परवाना पावसाळ्यानंतर आला, तिच्या नावावर. त्यानंतर बाकीच्या चार बंदुकाही तिच्या ओट्यावर यायला लागल्या. ती प्रत्येकीत आधी गज सोडायची, मग मालकाशी बोलायची. आणि आषाढात पहिली मोठी सर ओसरली की तिच्या पागोळीखाली घागर लावायला ॲन्सेल्म स्वतः येई. त्याला कोणी बोलावत नसे.