हमीदच्या मागे न ओतलेलं पाणी

काबूल पडल्यावर व्हर्जिनियातल्या आमच्या लष्करी तळावर अफगाण कुटुंबं ठेवायची ऑर्डर आली, तेव्हा मी स्टाफ सार्जंट होतो. मूळचा नागपूरचा. एमएस करायला अमेरिकेत आलो आणि आर्मीत भरती झालो, म्हणून आई कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलली नव्हती.

रूटीन ठरलेलं. सकाळी सहाला फॉर्मेशनची हजेरी, मग ब्लँकेट्स, लसी, जेवणाची रांग. पाकिस्तानात राहून आलेल्या बऱ्याच जणांना उर्दू यायची आणि मला हिंदी येते, म्हणून जो तो मलाच हाक मारायचा.

जवळच्या हर्नडन गावातले माझे देशी मित्र अजून विचारतात, "यार, हे लोक देश सोडून येतातच कशाला?" डोकं फिरतं माझं. अरे, हौस म्हणून कोणी घर सोडतं का? हमीदचंच घ्या. अफगाणिस्तानात तो आमच्या प्लाटूनचा दुभाषा होता. आधीच्या, रशियनांशी झालेल्या लढाईत त्याचा बाप गाव सोडून पळाला, म्हणून हमीद जन्मला तो पेशावरच्या छावणीत. बायको शकिलाही तिथलीच. दोघं मायदेशी परतले, घर बांधलं, हमीद आमच्यासोबत काम करू लागला. मग आम्ही निघून आलो, आणि आमच्यासोबत काम केलं हाच त्याचा गुन्हा ठरला.

शकिला भाभी आणि तिची छोटी लेक मरियम नेमक्या आमच्याच तळावर आल्या. हमीद काबूल विमानतळाच्या गेटवरून म्हाताऱ्या आईला आणायला मागे फिरला होता. भाभीला ओहायोत, डब्लिनला, घर मिळालं. पण ती हलेना.

"तो इथेच शोधत येईल, भाई. त्याच्याशिवाय मी बसमध्ये चढणार नाही."

ते घर फार दिवस रिकामं राहणार नव्हतं. बसच्या आदल्या दिवशी कॅप्टनने मला बोलावलं.

"सार्जंट, हमीद मारला गेला. आईकडे जाताना, रस्त्यात. कन्फर्म आहे. तू सांगशील?"

"येस, मॅम."

भाभी बराकीबाहेर कपडे वाळत घालत होती. मी सरळ एका वाक्यात सांगितलं. ती ओला फ्रॉक हातात धरून तशीच उभी राहिली.

"आमच्यात निघालेल्या माणसाच्या मागे पाणी ओततात, तो परत यावा म्हणून. गेटवर माझ्याकडे एकच बाटली होती. मरियमचे ओठ सुकले होते. मी ओतलं नाही. म्हणून गेला का तो?"

हे मला हसण्यावारी नेता येईना. 'जातो' म्हटलं तर माझी आई अजून फोनवर ओरडते, 'येतो म्हण!'

"भाभी, लेकीचं पाणी मातीत घातलं असतंस, तर हमीदच तुझ्यावर चिडला असता."

तेव्हा कुठे ती रडली. मीही रडलो, युनिफॉर्ममध्येच.

दुसऱ्या दिवशी ती बसमध्ये चढली. मी पाण्याची बाटली घेऊन खाली उभा होतो. तिने खिडकीतून मान हलवली.

"नको भाई. आता छावणीत परत यायचं नाही."

मला आर्मी सोडून काही वर्षं झाली. दर मे महिन्यात इथे शहिदांची नावं वाचतात. आमच्या प्लाटूनची दोन असतात. दुभाष्याचं नाव कोणी वाचत नाही. वाचून झालं की तिसरं मी घेतो, मोठ्याने. हमीद. लोक वळून बघतात. बघू दे.