पाठीचं माप

कॅमेऱ्याच्या दुकानात साठीचे एक गृहस्थ सॅक निवडत होते. खांद्याची शस्त्रक्रिया झालेली. डोंगर चढायला डॉक्टरांची हरकत नव्हती, ओझं मात्र उचलायचं नव्हतं. त्यांनी सगळ्यात लहान सॅक पुढे ओढली आणि घरून आणलेली पक्ष्यांसाठीची मोठी लेन्स बाजूला ठेवली.

“आता हिचं काय काम?” ते म्हणाले.

“मग गरुड काय मोबाइलवर काढणार?” असं म्हणत सोबत आलेल्या बायकोने मोठी सॅक घेतली. तीत कॅमेरा, लेन्स, पाण्याची बाटली भरली आणि स्वतःच्या पाठीवर चढवली.

“अगं, तुला झेपणार नाही.”

“घरात दळण कोण आणतं?”

वय वाढतं तशा आवडीच्या गोष्टी माणूस एकेक करून सोडत जातो. बहुतेकदा मुकाट्याने, शेजारच्या माणसाला न विचारता.

गृहस्थ पुढे झाले. मग चांगल्या हाताने तिच्या सॅकचा पट्टा आवळू लागले. “वजन खांद्यावर नको, कमरेवर आलं पाहिजे. आता बघ.”

ती दुकानात एक फेरी मारून आली.

“ठीक आहे. पण थर्मास कुठे मावतो ते बघा. तुमचा फोटो होईपर्यंत मी काय करू?”

ते बाजूचे कप्पे उघडून पाहू लागले.