स्टुडिओवाल्या वहिनींचं खवले मांजर

आमच्या तीन पिढ्यांना ओळखपत्रावर चिकटवलं ते स्टुडिओवाल्या वहिनींनी. "हनुवटी खाली. खांदे सैल. हलू नका!" एवढं बोलल्या की दोन मिनिटांत माणूस बाहेर. सुट्टीचा दिवस मात्र त्यांचा स्वतःचा. उजाडताच कॅमेरा गळ्यात अडकवून त्या टेकडीमागच्या रानात जात आणि पोटावर पडून अळंब्यांचे फोटो काढत.

घरी म्हातारे सासरे. त्यांचा जन्म त्याच रानाच्या राखणीत गेला. तरुणपणी त्यांनी तिथे खवले मांजर पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, हीच त्यांची चूक. दुसऱ्या कुणाला ते कधी दिसलंच नव्हतं. थापाडे हे नाव पडलं ते पडलंच. पोटचा मुलगा, म्हणजे वहिनींचा नवरा, तोही हसे. हळूहळू म्हाताऱ्याने ती गोष्ट सोडली, मग बोलणंच सोडलं. दिवसभर भिंतीकडे तोंड. वहिनींना ते फार सलत होतं.

त्या सकाळी आभाळ गच्च भरलेलं. कुजक्या ओंडक्यावर नखाएवढी अळंबी आणि वहिनींचा डोळा कॅमेऱ्याला. एवढ्यात पलीकडे खरवडल्याचा आवाज आला. माती उडाली. लांबुळकं तोंड वर आलं, मागोमाग पाठ, कौलं रचल्यासारखी खवल्यांची!

वहिनींच्या तोंडातून तीस वर्षांची सवय निसटली, "हलू नका!"

झालं! प्राण्याने अंग आवळलं आणि जागच्या जागी त्याचा चेंडू झाला.

आता चेंडूचा फोटो नेऊन काय करायचं? नवरा म्हणेल, फुटकं मडकं आहे. वहिनींनी ओठ मिटले आणि पडून राहिल्या. दोन मिनिटांत गिऱ्हाईक उरकणारी ही बाई, चांगली तासभर! मुंग्यांनी कोपरं फोडून काढली, पोटरीत गोळे आले, नाकाला खाज सुटली. हूं की चूं नाही. मग चेंडूला फट पडली. फटीतून ओलं नाक. मग मण्यासारखा डोळा. मग सुतळीसारखी जीभ, मुंग्यांवर सळकन! वहिनींनी बटण दाबलं.

धावतच घरी आल्या. चपला कुठे राहिल्या, पत्ता नाही.

"बाबा, बघा! अहो, बघा ना!"

आधी नवऱ्याने डोकावलं. "आयला, खरंच की," म्हणाला आणि कॅमेरा वडिलांपुढे ठेवला.

सासऱ्यांनी चष्मा पुसला. कॅमेरा जवळ धरला, लांब धरला.

"हे ते नव्हे," म्हातारा म्हणाला. "माझं याच्या दुप्पट होतं."

"दुप्पट?" नवरा म्हणाला.

"तू मध्ये बोलू नकोस. खाली बस. सूनबाई, शेजारच्यांनाही हाक मार. सुरुवातीपासून सांगतो."